बेटावरची माध्यमिक शाळा आणि आपल्या शिक्षणाचा मधला टप्पा

शिक्षणाचे तीन टप्पे आपण नेहमी मोजतो : प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च. पहिल्या टप्प्याची शाळा बहुधा गावातच असते. तिसऱ्या टप्प्याचे महाविद्यालय शहरात असते आणि तेथवर पोहोचलेल्या विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह, फीमाफी अशा सवलती असतात. खरा प्रश्न असतो तो मधल्या टप्प्याचा. आठवी, नववी, दहावी ही तीन वर्षे मोठी चमत्कारिक आहेत. या वयाचे मूल घरापासून दूर पाठवावे तर लहान वाटते, आणि घरी ठेवावे तर उसाच्या फडात, वीटभट्टीवर किंवा बोहल्यावर पाठविण्याइतके मोठे वाटू लागते. समाजातील कितीतरी हुशार मुले-मुली नेमकी याच ठिकाणी गळतात.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. ज्यांच्या गावाभोवती चारही बाजूंनी समुद्र आहे अशा लोकांनाही तो पडला आणि त्यांनी आपल्या परीने तो सोडविला. त्यांची रीत, आपल्याकडे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर व कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काढलेला मार्ग, आणि आज आपल्यापुढे असलेले काम यांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडचे ‘बेट’

शिरूर तालुक्यात ‘बेट भाग’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. घोड आणि कुकडी या नद्यांच्या पट्ट्यातील टाकळी हाजी, कवठे येमाई, जांबूत या गावांच्या परिसराला लोक बेट भाग म्हणतात. तेथे समुद्र नाही. पण दोन्ही बाजूंना नदी असली की पावसाळ्यात माणूस अडकतो, म्हणून हे नाव अगदी योग्य वाटते.

वडगाव रासाई हे तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला, भीमेच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे दौंड तालुका लागतो. मुळा-मुठेचे पाणी याच परिसरात रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. तालुक्याचे गाव शिरूर हे घोडनदीच्या काठी, म्हणजे तालुक्याच्या अगदी विरुद्ध कडेला. आणि पुणे-दौंड लोहमार्ग जातो तो भीमेच्या पलीकडून, केडगाववरून. कचेरी एका टोकाला आणि रेल्वे नदीपलीकडे, अशी या काठच्या गावांची स्थिती आहे. नदीवर पूल झाला की वाट सुकर होते हे खरे. परंतु ऊस-बागायतीच्या भागात घरे मळ्यामळ्यांत आणि वस्त्यावस्त्यांवर विखुरलेली असतात. पुलापर्यंत किंवा एसटीच्या थांब्यापर्यंत यायचे तरी चिखलाची पायवाट तुडवावी लागते. शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने अशी वस्ती हेही एक बेटच असते.

याच भीमेपलीकडच्या केडगावचे एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले, पुढे ते पुण्यास आणले, आणि त्यानंतर केडगाव येथे मुक्ती सदनाचा विस्तार केला. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली तेथे राहिल्या आणि शिकल्या. त्या संस्थेची धर्मविषयक दिशा आपल्यापेक्षा निराळी होती. परंतु ज्या मुलीला घर साथ देत नाही तिला शिकवायचे तर आधी निवारा द्यावा लागतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच आपल्या शेजारी सिद्ध झाली होती.

स्कॉटलंडची बेटे काय करतात ?

स्कॉटलंड हा ब्रिटनचा उत्तरेकडचा प्रदेश. त्याच्या पश्चिमेस हेब्रिडीज आणि उत्तरेस ऑर्कनी व शेटलंड हे द्वीपसमूह आहेत. वारा, पाऊस आणि खवळलेला समुद्र ही तेथील रोजची गोष्ट. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये ५ ते १३ वर्षे वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले व गावोगाव शाळा मंडळे आली. त्यामुळे प्राथमिक शाळा बेटाबेटांवर पोहोचली. माध्यमिक शाळेचा प्रश्न मात्र उरला. कारण पन्नास-साठ माणसांच्या बेटावर गणित, विज्ञान, भाषा यांचे वेगवेगळे शिक्षक कोठून आणायचे?

याला तेथे तीन प्रकारची उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर मोठ्या बेटावरच्या मध्यवर्ती शाळेचे. शेटलंडमधील लर्विक गावी १८६२ साली आर्थर अँडरसन यांनी विद्यालय स्थापन केले. अँडरसन हे त्याच बेटावरच्या गरीब घरात जन्मलेले. लहानपणी त्यांनी किनाऱ्यावर मासे सुकविण्याचे काम केले होते. पुढे ते ‘पी अँड ओ’ या प्रसिद्ध आगबोट कंपनीचे एक संस्थापक झाले, पण आपल्या बेटाला विसरले नाहीत. ‘चांगले काम कर आणि चिकाटी धर’ अशा अर्थाचे त्या शाळेचे ब्रीद आहे. हेब्रिडीजमध्ये स्टॉर्नोवे येथे १८७३ साली निकोलसन इन्स्टिट्यूट सुरू झाली, तीही त्याच भूमीतून बाहेर पडलेल्या एका अभियंत्याने मागे ठेवलेल्या पैशातून.

दुसरे उत्तर शाळेला जोडलेल्या वसतिगृहाचे. शेटलंडच्या दक्षिणेस समुद्रात सुमारे ३८ किलोमीटरवर फेअर आयल नावाचे चिमुकले बेट आहे. तेथे प्राथमिक शाळा आहे. परंतु अकरा-बारा वर्षांचे झाले की तेथील मूल लर्विकच्या अँडरसन हायस्कूलमध्ये जाते, वसतिगृहात राहते आणि हवा बरी असेल तेव्हा बोटीने किंवा लहान विमानाने घरी येते. या वसतिगृहाची जबाबदारी स्थानिक शासन उचलते. मूल दूर राहते म्हणून त्याचा खर्च आईबापांच्या डोक्यावर टाकायचा नाही, हे तेथे गृहीत धरलेले आहे. २०१७ साली त्या हायस्कूलची नवी इमारत उघडली तेव्हा नवे वसतिगृहही तिच्या बरोबरीनेच उभे राहिले.

तिसरे उत्तर सर्वांची मिळून एक शाळा. बारा या सुमारे बाराशे वस्तीच्या बेटावर कॅसलबे येथे बालवर्गापासून शालान्त वर्गापर्यंतची मुले एकाच शाळेत शिकतात. अशा ठिकाणी एक शिक्षक दोन-तीन विषय शिकवितो. एखाद्या विषयाचा शिक्षक मिळतच नसेल तर दूरस्थ पाठ घेतले जातात. हेब्रिडीजमध्ये यासाठी २०१६ साली ‘ई-स्गोल’ नावाची व्यवस्था सुरू झाली; तिच्यामुळे एका बेटावरचा शिक्षक दुसऱ्या बेटावरच्या मुलांना पडद्यावरून शिकवू शकतो.

तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. शाळेची इमारत बांधली की काम संपले, असे तेथे कोणी मानीत नाही. मूल घरून शाळेत कसे येईल, येऊ शकत नसेल तर कोठे राहील, आणि तेथे त्याच्यावर नजर कोण ठेवील, या तीन प्रश्नांची उत्तरे माध्यमिक शाळेचाच भाग समजली जातात.

बाबासाहेबांनी ओळखलेली मेख

आता आपल्याकडे वळू. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारी अहवालातीलच आकडे सभागृहापुढे ठेवले. त्या अहवालात लोकसंख्येचे चार वर्ग केलेले होते. प्राथमिक शिक्षणात दर हजारी प्रगत हिंदूंचे ११९, मुसलमानांचे ९२, मध्यम वर्गाचे ३८ आणि मागास वर्गाचे १८ विद्यार्थी होते. माध्यमिक शिक्षणात दर लाखास प्रगत हिंदूंचे ३०००, मुसलमानांचे ५००, मध्यम वर्गाचे १४० आणि मागास वर्गाचे केवळ १४ !

हे आकडे विद्यार्थीमित्रांनी स्वतः मांडून पाहावेत. प्रगत वर्गाचे प्राथमिक शाळेत लाखामागे ११,९०० आणि माध्यमिक शाळेत ३,००० विद्यार्थी, म्हणजे प्राथमिकातल्या चारांमागे माध्यमिकात एक. मागास वर्गाचे प्राथमिक शाळेत लाखामागे १,८०० आणि माध्यमिक शाळेत १४, म्हणजे सुमारे १२८ मुलांमागे एक. प्राथमिक शाळेच्या दारात अंतर मोठे होतेच. पण माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर ते कित्येक पटींनी वाढत होते. जिना होता, पण त्याची मधलीच पायरी निखळलेली होती.

बाबासाहेबांचे त्या काळातील कार्य पाहिले तर याच पायरीवर त्यांचे लक्ष होते असे दिसते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे वसतिगृह उघडले, ते हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी. जून १९२८ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचा हेतूही अस्पृश्यांच्या माध्यमिक शिक्षणाची सोय करणे हाच होता. सरकारच्या साहाय्याने पाच वसतिगृहांची योजना झाली. बाबासाहेबांनी तेव्हा नवी हायस्कुले काढली नाहीत. हायस्कुले जिल्ह्याच्या गावी होतीच. खेड्यातल्या मुलाला तेथे राहायला जागा नव्हती आणि कोणी खोलीही देत नव्हते. समुद्र नसतानाही आपली मुले बेटावर अडकलेली होती, आणि त्यांच्याभोवतीचे पाणी होते ते अस्पृश्यतेचे.

स्वतः बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तेच पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्यास सुरुवात केली. मुंबईस आल्यावर एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या वर्षांत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाला हेरले, त्याला पुस्तके दिली, मॅट्रिकनंतरच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठी खटपट केली. केळुसकर गुरुजी हे बाबासाहेबांच्या शाळेतले शिक्षक नव्हते, नातेवाईकही नव्हते. शाळेबाहेर मुलावर नजर ठेवणारा एक वडीलधारा माणूस किती काम करतो, हे यावरून कळते.

कर्मवीरांचा मार्ग

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निघाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवीत. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांसाठी अंगावरचे दागिनेही दिले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले. ‘कमवा व शिका’ या तत्त्वाने मुलांनी श्रम करून शिक्षण घ्यावे, अशी त्याची रचना होती. १९५९ साली कर्मवीरांचे निधन झाले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराच्या वर गेलेली होती आणि त्यांतील बहुतेक शाळा खेड्यापाड्यांत होत्या.

क्रम लक्षात घ्यावा. आधी वसतिगृह, मग हायस्कूल, आणि शेवटी हायस्कूलच खेड्याकडे. बेटावरच्या लोकांनी काढलेली उत्तरे आपल्या मातीतही याच क्रमाने उमलली.

कायदा कोठे थांबतो ?

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. परंतु मधला टप्पा अजूनही कच्चा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. हा अधिकार आठवीला संपतो. नववी-दहावीसाठी २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा हे उद्दिष्ट ठेवले. पुढे २०१८ साली ही योजना समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली. नकाशावर पाच किलोमीटर थोडे दिसतात. पावसाळ्यात, सायंकाळी पाच वाजता शाळा सुटल्यावर, उसाच्या दुतर्फा रानातून एकट्या मुलीला ते फार असतात.

शिष्यवृत्तीचीही तीच गोष्ट. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती येण्यास २०१२ साल उजाडले. मध्ये ६८ वर्षे गेली. बौद्ध झालेल्या बांधवांना अनुसूचित जातीचे केंद्रीय संरक्षण मिळण्यासाठीही १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. राज्याच्या स्वतंत्र सवलती या काळात होत्या, त्यांचे मोल नाकारता येत नाही. पण जो दहावीच झाला नाही त्याला दहावीनंतरच्या सवलतीचा काय उपयोग ?

एक महत्त्वाचा फरक

बेटांचे उदाहरण घेताना एक फरक मात्र विसरता कामा नये. बेटावरच्या लोकांची खंत अशी की हायस्कूल दूर असले म्हणजे मुले शिकून बाहेरच राहतात आणि बेट ओस पडते. हेब्रिडीजपलीकडचे सेंट किल्डा हे बेट १९३० साली कायमचे रिकामे करावे लागले. शेवटी तेथे ३६ माणसे उरली होती. म्हणून शाळा टिकविणे म्हणजे गाव टिकविणे, असे ते मानतात.

आपली गोष्ट वेगळी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याविषयी अत्यंत कठोर मत मांडले. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला गाव सोडणे हे दुःख नव्हते. ती मुक्तीची वाट होती. आपल्या समाजातील पहिली शिकलेली पिढी मुंबई-पुण्यास गेली ती याच वाटेने, आणि तिने जाऊ नये असे कोणी म्हणू शकणार नाही.

तथापि गाव सोडण्यासाठी सुद्धा हाती काहीतरी लागते. दहावीपूर्वी शाळा सोडलेला मुलगा गाव सोडून जातो तो बांधकामावर किंवा हमालीवर. दहावी, बारावी, पदवी करून जाणारा जातो तो ताठ मानेने. मुलीला तर पुष्कळदा गाव सोडण्याची परवानगीच मिळते ती लग्न होऊन. तेव्हा जायचे की राहायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरविण्याची शक्ती यावी म्हणून माध्यमिक शिक्षण गावातल्या प्रत्येक मुलामुलीच्या हाताशी असले पाहिजे.

आपण काय करू शकतो ?

सर्व गोष्टी शासनावर सोडून चालणार नाही आणि शासनाला मोकळे सोडूनही चालणार नाही. संस्थेच्या सभासदांना व तरुण कार्यकर्त्यांना करता येतील अशी काही कामे येथे सुचवितो.

१. यादी : दर वर्षी एप्रिल-मे मध्ये आपल्या वस्तीतील सातवी, आठवी व दहावी झालेल्या मुलामुलींची यादी करावी. जूनअखेर त्यांतील प्रत्येकाचे नाव पुढच्या वर्गात दाखल झाले की नाही, हे घरी जाऊन पाहावे. जे मूल यादीत आहे पण शाळेत नाही, त्याचा शोध तेव्हाच घेतला पाहिजे. दिवाळीनंतर उशीर होतो.

२. जाणे-येणे : ग्रामीण भागातील विद्यार्थिनींसाठी एसटीच्या मोफत पासाची अहिल्याबाई होळकर योजना आहे. तिचा लाभ मिळतो का, गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का, याची चौकशी करून आगारप्रमुखांकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज करावा. मुलींनी गटाने जावे-यावे अशी व्यवस्था पालकांनी मिळून करावी.

३. राहणे : समाजकल्याण खात्याची शासकीय वसतिगृहे तसेच अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी निवासी शाळा आहेत. दहावीनंतर वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास २०१६-१७ पासून सुरू झालेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. या सर्वांसाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व बँकेचे खाते आधीच तयार ठेवावे. कागद अपुरे म्हणून जागा गेली, असे एकाही मुलाच्या बाबतीत घडू देऊ नये.

४. अभ्यासिका : विहार फक्त पौर्णिमेला व जयंतीला उघडू नये. रोज सायंकाळी दोन तास तेथे दिवा आणि सतरंजी असावी. बारावी व पदवीच्या विद्यार्थ्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांचे गणित व इंग्रजी पाहावे. ज्या घरात एकच खोली आहे त्या घरच्या मुलाला ही दोन तासांची शांतता म्हणजे अर्धे वसतिगृहच होय.

५. पालकत्व : प्रत्येक नोकरदार सभासदाने एका मुलाचे किंवा मुलीचे नाव स्वतःच्या डायरीत लिहावे. पैसे देणे दुय्यम आहे. महिन्यातून एकदा विचारपूस, निकालपत्र पाहणे, शाळेत वर्गशिक्षकांना भेटणे एवढे केले तरी केळुसकर गुरुजींच्या परंपरेत आपण उभे राहू.

६. गळालेल्यांसाठी दुसरी संधी : नापास झालेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलामुलींना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीस बसता येते. लग्न झालेल्या भगिनींनाही ही वाट मोकळी आहे. त्यांना फॉर्मची मुदत सांगणे आणि पुस्तके मिळवून देणे हे काम अगदी लहान आहे. ते कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे.

विद्यार्थीमित्रांना एकच सांगणे आहे. तुमच्यापैकी जो दहावी होईल त्याने आपल्या मागच्या आठवीतल्या एकाला हात द्यावा. ‘अत्त दीप भव’ हा तथागतांचा उपदेश आपण नेहमी सांगतो. स्वतःचा दिवा पेटलेला असेल तर त्याच्या उजेडात शेजारचा एक विद्यार्थी सहज वाचू शकतो, आणि त्यासाठी तेलही जास्त लागत नाही.

१९२७ साली मागास वर्गातील लाखामागे चौदा मुले माध्यमिक शाळेत होती. ती संख्या वाढली ती वसतिगृहे काढणाऱ्यांमुळे, दागिने विकणाऱ्या माउलीमुळे, पुस्तक हाती देणाऱ्या गुरुजींमुळे आणि उपाशीपोटी अभ्यास करणाऱ्या त्या मुलांमुळे. आपल्या वस्तीच्या यादीत यंदा जी नावे असतील ती सगळी पुढच्या जूनमध्ये वर्गात दिसावीत, एवढे काम संस्थेने हाती घ्यावे.

जय भीम ! नमो बुद्धाय !